दहा पूर्णांक चार

लातूरच्या त्या कॉलेजात संगमेश्वर सरांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाचं आम्ल मोजायच्या प्रयोगातलं रीडिंग एकच यायचं: दहा पूर्णांक चार. आम्ल शिळं असो, ब्युरेटची नळी गळकी असो, आकडा ठरलेला. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सर स्वतःच तो पोरांना सांगायचे. बाहेरचा परीक्षक यायचा, काजूकतली खायचा, सही ठोकून जायचा. बावीस वर्षांत कुणाच्या पोटात दुखलं नाही.

पंधरा वर्षांपूर्वी एकाच पोरीनं माती खाल्ली. वर्षाराणी तिचं नाव. बाप शिवप्पा देगलूरच्या मोंढ्यात मापाडी. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. पोती तोलता तोलता बापानं तिला एवढंच शिकवलं होतं, "काटा थांबू दे, मग बोल." प्रॅक्टिकलला तिनं तीनदा करून पाहिलं, तीनदा नऊ पूर्णांक आठ आलं, तेच लिहिलं. सरांनी लाल पेनानं फुली मारली आणि भरल्या वर्गात म्हणाले, "मापाड्याची लेक ना गं तू? काटा मारायचा घरचा धंदा हाय तुमचा. इथं चालत न्हाई."

वर्ग हसला. चार मार्कांनी फर्स्ट क्लास गेला. तिला बोलले असते तर ती विसरलीही असती. बोलले ते बापाला.

पुढं नांदेडला एम.एस्सी., दुसऱ्या फटक्यात सेट, सहा वर्षं तासिका तत्त्वावर घसा कोरडा करणं, पीएच.डी., आणि शेवटी कायमची प्राध्यापकी. सत्कारात लोक म्हणाले, काय जिद्द! जिद्द कसली, खुन्नस होती. बाहेरची परीक्षक म्हणून ड्युट्या लागल्या की उदगीर, निलंगा ती गोड बोलून दुसऱ्यांच्या गळ्यात घालायची. तिसऱ्या वर्षी लातूर पदरात पडलं.

संगमेश्वर सर दारातच उभे होते. "या, या मॅडम! सिद्धराम, चहा सांग. अरे, ही आमचीच विद्यार्थिनी! म्या तेव्हाच ओळखलं होतं."

"काय ओळखलं होतं सर?"

"हुशारी, दुसरं काय!"

वर्षाराणीनं काजूकतली खाल्ली. मग दुसरीही खाल्ली. सर जेवणाची सोय बघायला बाहेर गेले, तशी तिनं आम्लाची बाटली मागून घेतली आणि मापून पाणी ओतलं. आम्ल पातळ झालं की रीडिंग खाली येतं, आणि परीक्षकाला तेवढा हक्क असतोच. प्रयोगशाळेतला जुना शिपाई सिद्धराम भिंतीकडं तोंड करून हसला. "लई वर्षांनी बाटली हलली बघा, मॅडम."

सर परत येऊन बाकांमधून फिरले. दोन तासांनी वीस पेपर हातात आले. एकोणीस जणांचं दहा पूर्णांक चार. विसावा शिवानी नावाच्या पोरीचा. तिनं सात पूर्णांक तीन लिहून खोडलेलं, शेजारी दहा पूर्णांक चार.

"हे का खोडलंस गं?"

"सर म्हणाले, चुकलंय."

वर्षाराणीला नऊ पूर्णांक आठवरची ती फुली जशीच्या तशी दिसली. ती उठली. "पोरांची चूक नाही, सगळे परत करतील. पण आधी सर करून दाखवतील."

"म्या? आत्ता? अहो मॅडम, जेवण थंड व्हायलंय!"

"होऊ द्या."

सरांनी ब्युरेटची तोटी फिरवली. सात पूर्णांक तीनला चंबूत गुलाबी रंग उमटला आणि टिकला. तिथं थांबायचं असतं, हे अकरावीतलं पोरगंही सांगेल. पण सरांचा हात थांबेना. बावीस वर्षांची सवय! थेंब पडत राहिले, आठ, नऊ, दहा. चंबू जांभळट लाल झाला, आणि बरोब्बर दहा पूर्णांक चारला सरांनी तोटी बंद केली.

मागच्या बाकावरून आधी एक हसू फुटलं, मग अख्खा वर्ग.

वर्षाराणी हसली नाही. तिनं पर्समधून लाल पेन काढून सरांच्या हातात ठेवलं. "एकोणीस फुल्या मारा सर, तुमच्या हातानं. शिवानीला नको, तिचं आधीचंच बरोबर होतं. आणि पुढच्या खेपेला काटा थांबू द्या, मग बोला. आमच्या घरचा धंदा असाच चालतो."

सर फुल्या मारत बसले. पंगतीला ती थांबली नाही. उरलेली काजूकतली मात्र तिनं कागदात बांधून घेतली, देगलूरला बापाकडं न्यायला.