छपरांखाली काय होतं

चौकशी आयोगाचं बोलावणं आलं, तेव्हा ताई सगळ्यात आधी चिडली ती तारखेवर. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकाच दिवशी बोलावलं होतं. ती सकाळी, तो दुपारी.

ताई गुप्तवार्ता खात्यातून निवृत्त झालेली. हेर वगैरे ती कधीच नव्हती. खिडकी नसलेल्या एका खोलीत बसून उपग्रहाने काढलेले फोटो बघायचे आणि त्यात काय दिसतं ते लिहायचं, एवढंच काम तिने उभ्या आयुष्यात केलं. भाऊ त्याच काळात संरक्षणमंत्र्यांची भाषणं लिहायचा. दोघं एकाच इमारतीत राहत, ताई वर आणि भाऊ खाली. पण ऑफिसच्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत, असा दोघांनी नियम घालून घेतला होता. आधी तो शिस्त म्हणून पाळला. युद्धानंतर भीतीपोटी.

युद्ध झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात ताईपुढे शेजारच्या देशातल्या एका दरीचे फोटो आले होते. लांबच लांब छपरं, एका ओळीत. आजूबाजूला सगळीकडे बर्फ, पण छपरांवर बर्फ टिकत नव्हता, म्हणजे आत ऊब होती. फाटकाशी एक उथळ हौद होता आणि प्रत्येक ट्रक त्यातून चाकं भिजवूनच आत जायचा. साहेब म्हणाले, विषारी रसायनं असली की अशीच काळजी घेतात. ताई म्हणाली, रोगराईला घाबरणारा कुठलाही गोठेवाला अशीच घेतो. तिने टिपणात लिहिलं, “रासायनिक अस्त्रं असू शकतील, दुसरंही काही असू शकेल. आत काय आहे ते फोटोंवरून सांगता येत नाही.”

महिन्याभराने मंत्री टीव्हीवर आले. मागे ताईचाच फोटो, वर लाल बाण काढलेले. “त्या छपरांखाली काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे,” मंत्री म्हणाले. ताई दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेली. “सर, हे मी लिहिलेलं नाही.” साहेबांनी दार लावून घेतलं, तिला बसायला सांगितलं आणि म्हणाले, “वर बोलतो मी.” ते बोलले की नाही हे तिला कधी कळलं नाही. पुढच्याच महिन्यात तिची बदली नकाशांच्या विभागात झाली.

म्हैस पाण्यात असतानाच तिचं मोल ठरलं होतं. फौज गेली. फौजेबरोबर भावाचा मुलगाही गेला. घरात त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि दारातून वाकून आत यावं लागे एवढा तो उंच होता. सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. परत आला तो डाव्या कानाने ठार बहिरा आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावून. त्याच्याबरोबरचे काही आलेच नाहीत. छपरांखाली निघालं ते अंडी उबवायचं केंद्र. हे आता सगळ्या जगाला माहीत होतं, त्यावर वाद नव्हताच. वाद होता तो एवढाच, की ही चूक होती की थाप.

आणि या वादाला अंत नव्हता. रोज टीव्हीवर तेच चार जण बसायचे. एक म्हणायचा, माहितीच सदोष होती, कुणीही फसलं असतं. दुसरा म्हणायचा, युद्ध आधीच ठरलं होतं, माहिती मागून शोधली. ताई आवाज बंद करून नुसती त्यांची तोंडं बघत बसायची.

बोलावणं आल्यानंतरच्या रविवारी ती खाली जेवायला गेली. भावाने ताटावरून मान वर न करताच विचारलं, “तू काय सांगणार आहेस?”

“लिहिलं होतं ते.”

“म्हणजे ध चा मा मी केला, असं?”

“मी तसं म्हटलं का?”

“लोक तसंच म्हणणार. ताई, माझ्याकडे आला तेव्हाच तो मा होता. कागदावर खात्री होती, मी भाषणात खात्री लिहिली. मला काय स्वप्न पडणार होतं?”

“सांगता येत नाही, हे वाक्य तुझ्यापर्यंत आलंच नाही?”

“नाही आलं.” तो फार पटकन म्हणाला.

वहिनी दंतवैद्य होती. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायची आणि घरी आली की तिच्या घरात कुणी तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, “मला एवढंच सांगा, माझ्या पोराचा कान कशासाठी गेला? चुकीसाठी की थापेसाठी?”

“त्याने फरक काय पडतो?” भाऊ म्हणाला.

“मला पडतो. चुकीला माफी असते.”

बारक्याने बहिरा कान त्यांच्याकडे करून जेवण संपवलं. उठताना एवढंच म्हणाला, “एक मशीन खोलून ठेवलंय, जातो.” तो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. तळहात मशीनवर ठेवला की बिघाड त्याला थरथरीतून कळायचा.

आयोग नगरपालिकेच्या जुन्या सभागृहात बसत होता. खुर्च्यांचं कापड विटलेलं, माइकवर हिरवा दिवा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी आपल्या टेबलावरचं बटण दाबलं की समोरच्याचा दिवा विझायचा.

आयोगाची वकील तरुण आणि फार गोड बोलणारी होती. “तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवरून एखाद्या समंजस माणसाचा असा समज होणं शक्य होतं, हे तुम्हाला मान्य आहे का?”

“तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवरून ‘माहीत नाही’ असं म्हणणं शक्य होतं,” ताई म्हणाली. “मी म्हटलं होतं.”

“हो किंवा नाही असं सांगाल का?”

“नाही सांगता येणार.”

“म्हणजे, तिथे अस्त्रं नव्हतीच असंही तुम्ही तेव्हा म्हटलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“तशी शक्यता होती.”

“शक्यता होती.”

वकिलीणबाईंनी समाधानाने पान उलटलं. ताईच्या लक्षात आलं, की तिने जपून वापरलेला शब्द तिच्याच देखत दुसऱ्यांदा चोरला जातोय.

अध्यक्षांनी विचारलं, “तुमच्या वरिष्ठांनी मुद्दाम खोटं सांगितलं, असं तुमचं म्हणणं आहे का?”

“त्यांच्या मनात काय होतं ते मला फोटोत दिसत नाही.”

मागे काही लोक हसले. ताईला हसू आलं नाही.

“मग हेतू वाईट नव्हता, असं आम्ही नोंदवायचं का?”

“तसंही नाही, साहेब. माझं एक वाक्य त्या कागदावरून गेलं. ते वाऱ्याने गेलं नाही, कुणीतरी हाताने काढलं. कुणी काढलं आणि का काढलं, हे तुम्ही त्यांना विचारा. मला का विचारता? आणि ते वाक्य तिथे असतं तर...”

दिवा विझला. जेवणाची सुट्टी झाली होती.

दुपारी ती मागच्या रांगेत वहिनीशेजारी बसली. भाऊ साक्षीला उभा राहिला. अंगात तोच करडा कोट, जो घालून तो पूर्वी मंत्र्यांच्या मागे उभा असायचा. प्रश्न सरळ होता: ते वाक्य तुम्ही पाहिलं होतं का?

 भावाने पाण्याचा पेला उचलून परत ठेवला.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

वहिनीने ताईकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी किराण्याच्या यादीतली एक वस्तू तो माणूस कधी विसरला नव्हता.

साक्ष संपल्यावर ताईने त्याला बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं. “घरी म्हणालास, आलंच नाही. इथे म्हणालास, आठवत नाही. मला तिसरं काय सांगणार आहेस?”

तो भिंतीला टेकला. “आलं होतं,” तो म्हणाला. “माझ्या हातात दोन्ही कागद होते, तुझा आणि त्यांचा. मी विचारलंही, यातलं कुठलं धरू? सचिव म्हणाले, ‘कदाचित’ म्हणून फौज पाठवता येत नाही, वाक्याला कणा पाहिजे. मग मी कणा दिला. सकाळपर्यंत सात वेळा लिहिलं ते वाक्य. चांगलं झालं होतं, ताई. सगळ्यांनी मला सांगितलं चांगलं झालंय म्हणून.”

“मग आत जा आणि हेच सांग.”

“आणि घरी काय सांगू? बारक्याला काय सांगू? तो त्या भाषणानंतर महिन्याभरात भरती झाला, माहितीये ना तुला? स्टेशनवर मला म्हणाला होता, बाबा, भारी बोलले मंत्री.”

“त्याला आधी सांग हवं तर. पण सांग. इतकी वर्षं मी एकटीच वेड्यासारखी म्हणतेय, मी लिहिलं होतं, मी लिहिलं होतं. माझा सख्खा भाऊ खालच्या मजल्यावर, सगळं माहीत असून गप्प. आणि मला वाटायचं, त्या बिचाऱ्यालाही फसवलं.”

तिचा आवाज चढला होता. वहिनी मागे येऊन उभी राहिली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती भांडली नाही. नवऱ्याच्या हातातली फाइल काढून घेत म्हणाली, “चला, आत चला.”

भाऊ खरोखरच आत गेला. खुर्च्या लावून ठेवण्याचं काम सुरू होतं. अध्यक्ष उठले होते, वकिलीणबाई बॅग भरत होत्या. भाऊ म्हणाला, “माझ्या साक्षीत दुरुस्ती करायची आहे. मला आठवलंय.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “आजचं कामकाज संपलंय.”

“दोन वाक्यं आहेत फक्त.”

“लेखी द्या. पुरवणी निवेदन म्हणून जोडू. त्यासाठी रीत आहे.”

“साहेब, मी खोटं बोललो, असं सांगतोय मी तुम्हाला.”

“तेही लेखी द्या,” अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. एका कारकुनाने येऊन दिवे मालवायला सुरुवात केली.

भावाने लेखी दिलं. कधी नव्हे ते त्याचं लिखाण ओबडधोबड होतं, आणि ताईने त्यातला एक शब्दही सुधारला नाही.

त्याच संध्याकाळी तो बारक्याच्या दुकानात गेला. ताई बरोबर गेली, कारण त्याने तसं सांगितलं. चांगल्या कानाच्या बाजूला उभं राहून त्याने मुलाला सगळं सांगितलं. बारक्या पाना हातात धरून ऐकत राहिला.

“मला वाटायचं, तुम्हाला फसवलं,” तो शेवटी म्हणाला. “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तिथलं कधी काही बोललो नाही. दारं उघडली तेव्हा आत ट्रे होते, बाबा. रांगेने ट्रे. वीज गेलेली, त्यामुळे सगळी पिल्लं मेलेली. तिथे रखवालदार होता एक म्हातारा. तो आम्हाला हात जोडून सांगत होता, चाकं धुवून या, आजार पसरेल.”

“बारक्या...”

“इतकी वर्षं मी तुम्हाला सांभाळत होतो. तुमच्याच थापेपासून.” तो परत मशीनकडे वळला. “आत्या, त्यांना घरी ने. मला काम आहे.”

पुढच्या आठवड्यात तो दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. भांडून नाही. आईला रोज भेटायचा, ताईच्या नळाची गळती काढून द्यायचा. बापाशी हवापाण्यापलीकडे बोलेना.

आयोगाचा अहवाल वर्षभराने आला. ताईने आधी निष्कर्ष वाचला. माहिती सदोष होती, चुका झाल्या, निर्णय सद्हेतूने घेतले गेले. चुका झाल्या. पाऊस झाला, उशीर झाला, तशा चुका झाल्या. कुणी केल्या नाहीत. भावाचं निवेदन परिशिष्टात होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की साक्षीदाराची स्मृती कालांतराने बदललेली दिसते, त्यामुळे हे निवेदन निर्णायक मानता येत नाही.

ताई तो जाडजूड अहवाल घेऊन खाली गेली. भावाने ती ओळ दोनदा वाचली.

“मी कबूल करतोय तरी हे मानत नाहीत,” तो म्हणाला.

“‘कदाचित’ म्हणून तुला दोषी धरता येत नाही,” ताई म्हणाली. बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला, कारण तो खरोखर खचला होता.

टीव्हीवर तेच चार जण होते. अहवालामुळे आपलंच म्हणणं सिद्ध झालं, असं दोन्ही बाजू सांगत होत्या. वहिनीने टीव्हीची वायरच भिंतीतून काढली आणि म्हणाली, “पुरे झालं. आता मला या घरात कुणाचंही मत ऐकायचं नाही.”

ताई अजून बोलावतील तिथे जाऊन बोलते. परवा एका कॉलेजात गेली होती. सगळं सांगून झाल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “पण मॅडम, थोडक्यात सांगायचं तर, चूक की थाप?”

ताईने डोळ्यांवरचा चष्मा काढला. “थोडक्यात नाही सांगता येत, बाळा,” ती म्हणाली. “तुला वेळ आहे का?”

मुलीला पुढचा तास होता.