दुसरी सही

फारकतीची हौस मला नव्हती. पण नवरा जयराम हरमलला दुसरीबरोबर संसार थाटून बसला आणि तीन वर्षं घरी तांदळाचा दाणा पाठवेना, तेव्हा मी डिचोलीच्या कोर्टात गेले. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. वकील गोपाळबाब म्हणाले, "भिऊ नको, देवकी. फारकत मिळेल, पोटगी मिळेल, आणि इथल्या कायद्याने शिरगावचं अर्धं घरही तुझंच."

सुनावणीला जयराम उभा राहिला आणि म्हणाला, "ही माझी बायकोच नव्हे."

मला हसूच आलं. बारा वर्षं मग मी कोणाची धुणी धुतली?

त्याच्या वकिलाने नोंदणी कचेरीचा कागद काढला. गोव्यात लग्नाला दोन सह्या लागतात. पहिली नुसत्या इराद्याची. पंधरा दिवसांनी दुसरी केली की लग्न पक्कं. आमची पहिलीच होती.

मी हद्दीपलीकडची, महाराष्ट्रातल्या दोडामार्गची. आमच्याकडे गळ्यात मंगळसूत्र पडलं की झालं. दुसऱ्या सहीच्या दिवशी जयरामला खनिजाचा ट्रक घेऊन जायचं होतं. मीच म्हटलं होतं, देवासमोर लग्न लागलंय, एका सहीपायी रोज कशाला बुडवायचा? माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती. आणि त्या मेल्याने माझं ते वाक्य कोर्टात शब्दन् शब्द सांगितलं. जीभसुद्धा अडखळली नाही.

न्यायाधीशांनी तो कागद दोनदा वाचला. माणूस भला वाटला, पण निकाल तोच. लग्नच नाही तर फारकत कसली, आणि फारकत नाही तर पोटगी कसली? घरही त्याचं एकट्याचं.

बाहेर पायरीवर जयराम माझी वाट बघत होता. वाटलं, निदान मान तरी खाली घालेल.

"तू घरातच रव गे," तो म्हणाला. "तुका कोण भायर काढूचो नाय. आवय अंथरुणार पडलीहा. तिका बघूक कोणतरी होया."

त्याच्या आईला लकवा झाल्यापासून न्हाऊ घालते ती मी, पेज भरवते ती मी.

"रवतंय," मी म्हटलं. "पगार कितलो दितलंस?"

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखा तो एक पायरी मागे सरला.

"बायकोक खंय कोण पगार दिता?"