माशाचे डोळे

सासऱ्यांनी आपली स्प्रेगन सुनेच्या हातात दिली, तेव्हा सासूबाई फक्त "हं" म्हणाल्या होत्या. तो "हं" सुनेच्या मनात घर करून बसला होता. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर उलट काही बोलता तरी आलं असतं. "हं"ला माणूस काय उत्तर देणार?

घराच्या मागच्या अंगाला त्यांचा रंगकामाचा कारखाना होता. कारखाना आपलं म्हणायचं. एक लांबट शेड, कोपऱ्यात दिवसभर धडधडणारा कॉम्प्रेसर, आणि काचेची खिडकी असलेलं एक बूथ. बूथच्या मागच्या भिंतीत मोठा पंखा होता. उडालेला रंग तो ओढून घ्यायचा, नाहीतर फवारणाऱ्याच्या भुवयासुद्धा रंगल्या असत्या. सासऱ्यांना सगळं गाव उस्ताद म्हणायचं. पण उस्तादांचा उजवा खांदा आता कुरकुरायला लागला होता आणि डॉक्टरांनी गन खाली ठेवायला सांगितली होती. मुलगा ट्रक चालवायचा. त्याला रंगाच्या नुसत्या वासाने शिंका यायच्या. सून मात्र लग्न होऊन आली आणि आठवड्याभरात बूथच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

उस्तादांनी तिला जीव लावून शिकवलं. "ट्रिगर अर्धा दाबला की नुसती हवा येते, पूर्ण दाबला की आतली सुई मागे सरकते आणि रंग येतो. हवा त्या रंगाचं धुकं करते. तू रंग लावायचा नाहीस, धुकं नेऊन बसवायचंस. गन पत्र्यापासून वीतभर लांब. मनगट वाकवायचं नाही, अख्खा हात सरळ न्यायचा. आणि एक पट्टा झाला की दुसरा त्याच्या अर्ध्यावर बसला पाहिजे." सहा महिने तिने जुन्या कपड्यांत फाटकं आणि जाळ्या रंगवल्या. उस्ताद मान डोलवायचे. स्वतःच्या मुलाच्या निकालालाही त्यांनी इतकी मान डोलावली नव्हती.

मग हॉस्पिटलचं काम आलं. लहान मुलांच्या वॉर्डाचे लोखंडी पलंग, फिकट पिवळ्या रंगात. इतकं नाजूक काम म्हणून उस्तादांनी दोन कोऱ्या डांगऱ्या आणल्या, गळ्यापासून खालपर्यंत झाकणाऱ्या. दोन्ही एकाच मापाच्या. उस्तादांना ती नडगीपर्यंत यायची, सुनेला बाह्या दुमडाव्या लागायच्या. "हे पलंग तुझ्या हातून निघाले की गन तुझी," ते म्हणाले. "नाही निघाले, तर बाहेरचा पेंटर बोलवावा लागेल. माझ्या खांद्यावर आता भरवसा नाही."

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. सुनेने पहिल्या पलंगाची डोक्याकडची पाटी रंगवली. रंग आरशासारखा बसला, आणि बघता बघता त्यात बारीक बारीक खळगे उघडले. प्रत्येक खळग्याच्या तळाशी उघडा पत्रा, भोवती रंगाची गोल कड. धंद्यातले लोक याला माशाचे डोळे म्हणतात. कुठेतरी तेलाचा अंश असला की रंग तिथून अंग काढून घेतो.

उस्तादांनी शेड डोक्यावर घेतली. कॉम्प्रेसरमधून तेल येतंय म्हणून फिल्टर उघडला. तो कोरडा ठणठणीत. हवेचा पाइप बदलला, गन खोलून सुई, टोपी, भोकं थिनरमध्ये धुतली, रंगाचा नवा डबा फोडला. सुनेने पाटी घासून, पुसून पुन्हा रंगवली. पुन्हा डोळे. मग त्याच गनने, त्याच रंगाने उस्तादांनी शेजारची पाटी रंगवली, दात-ओठ खाऊन, खांदा धरून. ती तुकतुकीत निघाली.

आता काय बोलायचं? गन तीच, हवा तीच, रंग तोच. उरली ती सून.

उस्ताद तसं बोलले नाहीत. "होतं कधी कधी," म्हणाले आणि उगाच हातोडी शोधायला गेले. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं. संध्याकाळी ते फोनवर बाहेरच्या पेंटरला "परवा मोकळा आहेस का?" असं हळू आवाजात विचारताना तिने ऐकलं. तिला रडू आलं ते पलंगांसाठी नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम तिला स्वतःचं वाटलं होतं, आणि ते काम तिला नको म्हणत होतं. सासूबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. मनातून खूश असतील, असं तिला वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली ती गन परत करायलाच. उस्ताद म्हणाले, "एक पाटी कर. माझ्यासाठी." तिने डोळे पुसत खुंटीवरची डांगरी ओढली, अंगात चढवली. आज कापडही चावत होतं, गळ्याशी नुसतं खरखरत होतं. तिने नेमाप्रमाणे पाटी स्वतः पुसली, कारण जो फवारेल त्यानेच शेवटचा हात फिरवायचा हा उस्तादांचा कायदा होता. मग गन उचलली.

दोघं वाट बघत राहिले. रंग शांत होता. एकही डोळा उघडला नाही.

"अगं!" उस्ताद ओरडले. "काय केलंस?"

"काही नाही बाबा. रोजच्यासारखंच."

"थांब." त्यांनी खुंटीवर उरलेली डांगरी चढवली, पायाकडची पाटी पुसली, गन घेतली आणि झोकात तीन पट्टे मारले. क्षणभर सगळं छान दिसलं. मग उस्तादांच्या पाटीवर माशांचा अख्खा तलाव जागा झाला.

उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले. "गेला," ते पुटपुटले. "खांद्यापाठोपाठ हातही गेला."

सुनेला ते बघवेना. "हात कुठे जातोय बाबा," ती म्हणाली आणि गळा खाजवायला लागली. खाजवता खाजवता थांबली. पुढे होऊन तिने त्यांची बाही नाकाशी नेली. "तुम्ही अत्तर कधीपासून लावायला लागलात?"

"मी? अत्तर?" उस्तादांनी स्वतःची कॉलर हुंगली. मोगऱ्याचा घमघमाट. मग तिची हुंगली. साधा साबण. त्यांनी आतली शिलाई उलटून, सासूबाईंनी ओळखीसाठी घातलेला लाल टाका पाहिला. "ही तर तुझी आहे! आणि तू माझी घातलीयस!"

दोघं तसेच, डांगऱ्यांसकट, घरात गेले. सासूबाई मोरीत कपडे पिळत होत्या. मागे फळीवर एक गुलाबी बाटली होती, कपडे मऊ करायच्या औषधाची.

"हे तू डांगरीला घालतेस?" उस्तादांनी विचारलं.

"तिच्या," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "आणली त्या दिवशी नुसती मापाला घातली, तरी पोरीच्या मानेवर चट्टे उठले होते. तुम्हाला कुठे दिसणार? तुमचं लक्ष पलंगाकडे."

"माझ्या डांगरीला का नाही घातलंस मग?"

"तुमची कातडी म्हणजे पॉलिश पेपर. बाटली काय फुकट येते?"

"अगं बाई, त्यात सिलिकॉन असतं, तेलासारखंच! पाटी पुसताना बाही घासली की संपलं. दोन दिवस या पोरीच्या डोळ्याला धार लागली होती!"

सासूबाईंच्या हातातला पिळा तसाच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मान दुखते म्हणून रडते. म्हणून काल दोन झाकणं जास्त घातली."

सुनेला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ती ओल्या फरशीवरच त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सासूबाईंना हे असलं जमत नसे. त्यांनी ओला हात तिच्या पाठीवर दोनदा थोपटला आणि "पुरे, भिजशील," म्हणाल्या. उस्ताद तेवढ्यात बाहेरच्या पेंटरला फोन लावून आले. येऊ नकोस, म्हणाले, आमच्याकडे पेंटर आहे.

डांगरी नवी आणावी लागली. दुसऱ्या दिवशी खुंटीवरची ती कोरी डांगरी सुनेने अंगात घातली. कापड लाकडासारखं ताठ होतं, पण गळ्याशी खरखर नव्हती. कॉलरच्या आतून एक जुनी सुती पट्टी शिवली होती, सासूबाईंच्याच कुठल्याशा धुऊन धुऊन विरलेल्या कपड्याची. टाके इतके बारीक की एक धागा बाहेर दिसत नव्हता. तिने हुंगून पाहिली. साध्या पाण्याचा वास होता.

तिने पाटी पुसली, ट्रिगर अर्धा दाबून हवा ऐकली आणि हात सरळ नेला. पट्ट्यावर पट्टा, अर्ध्यावर अर्धा. गन खाली ठेवून ती वळली, तर बूथच्या काचेला नाक लावून सासूबाई उभ्या होत्या. आजवर त्या शेडची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांनी पिवळ्या पाटीकडे पाहिलं, मग तिच्या मानेकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.

काचेतून आवाज येत नव्हता, पंख्याचा गोंगाट होता. पण सुनेला तो "हं" नीट ऐकू आला.