म्हाताऱ्या ड्रॅगनचं पथ्य

“‘...आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्या ड्रॅगनने दिवसाला एक लिटरच्या वर पाणी प्यायचं नाही असं ठरवलं,’” सिस्टरनी वाचलं.

टॅक्सीवाल्या काकांनी एक डोळा उघडला. “कोणी ठरवलं?”

“ड्रॅगनने.”

“पाणी नाही प्यायचं?”

“वय झालंय त्याचं,” म्हणत सिस्टरनी पान उलटलं. “‘केळी तर त्याने केव्हाच सोडली होती.’”

डायलिसिसच्या खोलीत हसण्याची सोय नसते. हातात दोन सुया असतात, हात हलला की मशीन बोंब मारतं. त्या सकाळी तिन्ही मशीनं एकदम बोंबलली. काकांचं, शेजारच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका बाईंचं आणि माझं.

आम्ही तिघं आठवड्यातून तीन सकाळी इथे येतो. रक्त नळीतून बाहेर जातं, धुतलं जातं आणि परत येतं. लॉन्ड्रीत निदान इस्त्री तरी करून देतात. माझी किडनी कॉलेजातच गेली, मी पास व्हायच्या आधी. काका मला चिरंजीव म्हणतात. त्यात त्यांना फार गंमत वाटते.

सिस्टर म्हणजे पांढरे बूट घातलेली एक साधी बाई. घरी मुलगी, नवरा, पाठदुखी. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं त्यांचं स्वतःचंच मत आहे. पण मागे काका दोन-तीन वेळा आलेच नव्हते. मग काकूंनी त्यांना उचलूनच आणलं. छातीत पाणी, ओठ निळे. जरा बरं वाटल्यावर काका शांतपणे म्हणाले, “सिस्टर, पुरे झालं. आता मीटर बंद करा.”

डॉक्टरांनी समजावलं, काकू रडल्या. सिस्टरनी काहीच समजावलं नाही. पर्समधून मुलीचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि वाचायला लागल्या. एक राजकन्या, तिचं हरवलेलं राज्य आणि तिला पाठीवर घेऊन ते शोधत हिंडणारा म्हातारा ड्रॅगन. ड्रॅगन वादळात दरीत कोसळायला लागला तेवढ्यात त्यांनी पुस्तक मिटलं.

“अहो, पण तो पडला का?” काका उठून बसायला लागले.

“परवा कळेल.”

परवा काका दार उघडायच्या आधी बाहेर हजर होते.

असे त्या पुस्तकाचे सहा भाग झाले. काकांचा ड्रॅगनवर फार जीव. “एवढी वर्षं हिला पाठीवर घेऊन फिरवतोय,” ते तळमळून म्हणायचे, “एकदा तरी विचारलं का हिने, बाबा, काही खाल्लंस का? सगळे पॅसेंजर मेले सारखेच!” बाई म्हणायच्या, लेखक ताकदीचा आहे. बाईंनी अख्ख्या नोकरीत कुणाला एवढे मार्क दिले नसतील.

सातवा भाग, म्हणजे शेवटचा, सुरू झाला आणि सिस्टरचा वेग मंदावला. आधी सकाळी एक प्रकरण व्हायचं, मग चार पानं, मग एक. राजकन्या जिना उतरायला लागली ती उतरतच राहिली.

“राजवाडा आहे की पाण्याची टाकी?” बाई म्हणाल्या. “आणि प्रत्येक पायरीचं वर्णन?”

“लेखक बारकाईने लिहितो,” सिस्टर म्हणाल्या.

आणि त्या सकाळी ड्रॅगन आमच्यासारखंच पाण्याचं आणि केळ्यांचं पथ्य करायला लागला.

“सिस्टर,” बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “पुस्तक इकडे आणा.”

“बाई, तुमच्या हातात सुया आहेत.”

“दुसरा हात रिकामा आहे.”

सिस्टरनी पुस्तक छातीशी धरलं. डोळे काकांकडे गेले आणि लगेच मशीनच्या आकड्यांकडे वळले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका त्या पुस्तकासाठी येत होते आणि पुस्तक संपत आलं होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. सिस्टरनी शेवट घरी वाचलेला होता.

“मरतो का तो?” काकांनी विचारलं.

“मरत नाही.”

“मग झालं तर! वाचा. जे छापलंय ते वाचा. हे बघा, मी तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली, पण पोचायच्या आधी उतरलेलं एकही नाही.”

सिस्टर स्टुलावर बसल्या. आणि त्यांनी वाचलं. राजकन्येला राज्य मिळालं, घंटा वाजल्या, लोक नाचले. म्हातारा ड्रॅगन समुद्राकाठच्या कड्यावर जाऊन बसला. राजकन्या धावत आली, म्हणाली, चल. तो म्हणाला, मी दमलोय, मला आता थांबायचंय. त्याने पंख मिटले आणि शेपटीपासून हळूहळू तो दगड होत गेला. शेवटी डोळे राहिले. ते समुद्राकडे बघत होते. मग तेही दगड झाले.

एवढ्या साध्या शब्दांत लिहिलं होतं की रागवायलाही जागा नव्हती.

“असा शेवट लिहायला छाती लागते,” बाई म्हणाल्या आणि रिकाम्या हाताने चष्मा काढून पुसायला लागल्या. एका हाताने चष्मा पुसता येत नाही. त्या पुसत राहिल्या.

काकांनी सुया काढल्यावर कापूस दाबून धरला, चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

मी वजन करून निघालो तेव्हा सिस्टर स्टोअरमध्ये औषधी पाण्याच्या कॅनवर बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर.

“नाही आवडला शेवट?” मी विचारलं.

“इतकं सुंदर लिहिणारा माणूस,” त्या म्हणाल्या, “आणि शेवटी दगड करून ठेवला मेल्याने! थांबायचंय म्हणे. अरे, तुला ठेवून घ्यायला आख्खं राज्य उभं होतं ना?” मग नाक पुसून म्हणाल्या, “जा तू. रिक्षा मिळणार नाही नंतर.”

पुढच्या वेळी काकांची खुर्ची रिकामी होती. सिस्टरनी तरीही त्यांचं मशीन तयार केलं, नळ्या भरून घेतल्या, खुर्चीवरची चादर दोनदा सरळ केली. बाईंनी पुस्तकाचा विषय काढला नाही. मी एक विनोद केला, तो विनोदच नव्हता.

आमची मशीनं चालू होऊन बराच वेळ झाला होता. दार धाडकन उघडलं. काका धापा टाकत आत आले, वजनकाट्याला वळसा घालून थेट सिस्टरच्या समोर.

“नाही पटलं!” ते ओरडले.

“काय?”

“थांबला म्हणजे काय? असा कसा थांबेल? उद्या तिला परत कुठे जायचं झालं तर? दगडावर बसून जाईल?”

“काका, आधी वजन करा.”

“वजन जाऊ दे! दोन दिवस झोप नाही मला. दमला तर दमला. माणूस दमतो, जरा बाजूला गाडी लावतो, चहा पितो, परत निघतो! लेखक बाकी एवढा हुशार, गाडी चालवणाऱ्याचं त्याला काही म्हणजे काही कळत नाही.”

“कळतं की,” बाई कडाडल्या. “तोच खरा शेवट आहे!”

“तुम्ही मधे बोलू नका, तुम्ही बसने जाणाऱ्या!”

“बाईंचं बरोबर आहे,” सिस्टर एकदम म्हणाल्या. “मला तर तो शेवट फारच पटला.”

मी छताकडे बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

काकांनी सिस्टरकडे असं बघितलं, जणू त्यांनीच कड्यावर जाऊन ड्रॅगनला दगड केलं होतं. “तुम्ही? तुम्ही सुद्धा? थांबा, समजावून सांगतो. आज नाही पटलं तर परवा सांगेन.” ते खुर्चीत बसले. रोज सुईच्या वेळी तोंड भिंतीकडे फिरवणाऱ्या काकांनी स्वतःच बाही वर केली आणि दोरखंडासारख्या शिरांचा तो हात सिस्टरपुढे सरळ ठेवला.

“पहिली गोष्ट म्हणजे,” काका म्हणाले, “तिसऱ्या भागात तो बर्फात अडकला होता तेव्हा...”

सिस्टर सुई हातात धरून त्यांचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या.