गेरूचा खडा

कोनाड्यातला गेरूचा खडा वाटायला उचलला आणि राजल थबकली. खडा कालच्याएवढाच होता. म्हणजे काल छपाईच्या तुरटीच्या खळीत गेरू पडलाच नव्हता.

तिने दोरीवरच्या कापडाकडे पाहिले. हिरड्याच्या पाण्यातून निघालेले ते पिवळट कापड कोरेच दिसत होते. तुरटीला स्वतःचा रंग नाही. छापणाऱ्याला आधीचा ठसा दिसावा म्हणून तर गेरू घालायचा. चिमूटभर कमी पडला तरी गल्ली डोक्यावर घेणारा तिचा बाप देपाळ काल दुपारभर छापत होता, आणि चकार शब्द बोलला नव्हता. असे कसे, हे तिला उमजेना.

तेवढ्यात विसळकाका नदीवरून आला.

"दादा, काल ठसा आपटून डास मारलेस काय?"

"डोळे धुऊन ये," छापायच्या पाटावरून देपाळ म्हणाला. "हंस आहेत ते."

कोऱ्या कापडापायी सरपण जाळू नकोस, असे काकाने राजलला बजावले. पण तिला राहवेना. तिने कापड धुऊन आणले आणि मंजिष्ठेच्या उकळत्या हंड्यात सोडले.

काठीने उलथता उलथता, तुरटी लागली होती तिथेच रंग धरून लाल हंसांची रांग वर आली. प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीला नेमकी टेकलेली. कुठे फट नाही, कुठे ठशावर ठसा चढलेला नाही. खंबायतेच्या बंदरातून मिसरला जाणाऱ्या मालातही असा सांधा विरळाच.

"काका," राजल हळूच म्हणाली, "काल खळीत गेरू घालायला मी विसरले होते."

"विसरलीस?" देपाळने विचारले.

पाटावरच्या नव्या कापडाची ओल चाचपत सरकणारा त्याचा डावा अंगठा जागीच थांबला.

विसळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. नजर गेलेल्या छापणाऱ्याने पाट धाकट्या भावाला द्यायचा आणि आपण हिरडा कुटत बसायचे, ही गल्लीची रीत होती. विसळ इतकी वर्षे हंड्याच्या धुरात उभा होता, तो त्याच पाटाच्या आशेवर.

त्याने राजलच्या हातातला खडा काढून घेतला आणि कंबरेला खोचला.

"उद्यापासून खळीत गेरू घालू नकोस."

"मग त्या खळीने दुसऱ्या कोणाला छापता येईल, काका?"

"नाही येणार," विसळ म्हणाला, आणि जाळ सारायला हंड्याखाली वाकला.

पाटावर ठसा पुन्हा वाजला.