भिंतीपासून तीन फूट

शोषखड्डा मी स्वतः खणला. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे काढली. पुस्तकांना पुठ्ठे चढवणे सोडले तर या हातांनी दुसरे काही केले नव्हते, म्हणून कदाचित मला त्या खड्ड्याचा नको तेवढा अभिमान वाटला असेल.

मलकापूरच्या बाहेर आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती आहे. नगरपालिकेची नाली आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेली, त्यामुळे मोरीचे पाणी दारासमोर साचायचे. मागच्या फेब्रुवारीत एक जुनी पुस्तिका हाती लागली. तिच्यात सगळे रीतसर दिले होते. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा; तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग वाळू; मधोमध भोके पाडलेले मडके, त्यात मोरीचा पाइप; कडेने केळी आणि अळू. मी आठ दिवस खपून तसेच केले.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दोन सूचना होत्या. खड्डा कोणत्याही भिंतीपासून दहा फूट दूर असावा, आणि काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणावे. मुरूम लागायच्या आधी माझी पाठ थकली. दहा फूट जागा तर नव्हतीच. शेजारच्या जनकाबाईंच्या नव्या खोलीपासून मी तीन फूट सोडले. माझ्या स्वतःच्या भिंतीपासून आठ फूट सोडले होते, हे लिहिताना लाज वाटते.

केळी जोमाने वाढल्या. जनकाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. वडीसाठी अळूची पाने न्यायला यायच्या. "सर, तुमच्या केळीनं माही खोली थंडगार झाली," म्हणायच्या. मी खूश व्हायचो.

नोव्हेंबरात त्यांच्या खोलीच्या, आमच्याकडच्याच भिंतीला तडा गेला. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरपा. मी वाचणारा माणूस म्हणून त्यांनी मला बोलावले. मी वाचलेले सांगितले: तड्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवायची, तारीख लिहायची, पट्टी फाटली तर तडा वाढतो आहे असे समजायचे. पट्टीही मीच चिकटवली. नवव्या दिवशी ती फाटली.

"प्रेमानंदनं सिमेंट खाल्लं," जनकाबाई म्हणाल्या. "निसती वाळू भरली त्यानं."

प्रेमानंद म्हणजे आमच्याच लेआउटमधला मिस्त्री. ती खोली त्याने वर्षापूर्वी बांधली होती. मी घरी येऊन पुस्तिकेचे शेवटचे पान पुन्हा वाचले आणि एक काठी मडक्यातून खड्ड्यात सारली. वर काढली तर दोन फूट ओली. पाणी मुरतच नव्हते. काळी माती पाण्याने फुगते आणि वरचे बांधकाम उचलते, हे इथल्या कुणालाही माहीत असते. मलाही माहीत होते.

पण खात्री कुठे होती? मी इंजिनियर नाही. कदाचित सिमेंट खरेच कमी असेल. ही 'कदाचित'ची सवय मला जन्मभर आहे. त्या वेळी मात्र मी तिचा आडोसा केला.

प्रेमानंद भिंत बघायला आला. हातोडीने ठोकून पाहिली, नखाने खरवडून पाहिली.

"माल तं बरोबर हाये, काकू."

"मंग भिंत कायले दात काढून राह्यली?"

त्याने पुन्हा एकदा तड्यावर नख फिरवले. जाताना तो आमच्या कुंपणाशी थांबला. "केळी मस्त झाल्या, सर," म्हणाला. मी मान हलवली आणि आत गेलो.

जनकाबाईंचा शब्द लेआउटमध्ये चालतो. जानेवारीपर्यंत प्रेमानंदच्या हातची दोन कामे गेली. मी काठी रोज बुडवून पाहत होतो. निदान मोरीचे पाणी तरी खड्ड्यात सोडणे बंद करायला हवे होते. तेही केले नाही. एकदम बंद केले तर लोक विचारतील, असे वाटायचे.

यंदा फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी भिमाबाई, माझी बायको, बाजारातून आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "उद्या विहारात मीटिंग हाये. आवाराची भिंत बांधायचं काम कोनाले द्यायचं, ते ठरनार. जनकाबाई म्हनते, मी उभी राहून सांगतो, प्रेमानंदले देऊ नोका. गेलं मंग त्याचं. एवढ्या लोकाईसमोर नाव गेल्यावर कोन बोलावते त्याले?"

मी तिला सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले.

"मंग मले काऊन सांगता? भिंत माही हाये का?"

मी तसाच उठून जनकाबाईंकडे गेलो. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी अडखळत बोललो. पुस्तिका, दहा फूट, काठी. त्या हसायलाच लागल्या.

"सर, तुमचं काय सांगावं बाप्पा. परवा माह्या पायानं तुमची चप्पल तुटली, तं माफी तुमीच मागून राह्यले होते. प्रेमानंद रडला वाटते तुमच्यापाशी."

"नाही हो. तो आलाच नाही."

"जाऊ द्या. तुमी सांगसान अन् मी आयकीन, तेवढी भोळी नाई मी."

माझे खरे बोलणे कुणी खरे मानेना, याचा दोष मी कुणाला देणार?

रविवारी सकाळी सात वाजता टिकास आणि फावडे घेऊन मी खड्डा आणि त्यांची भिंत यांच्या मधली जागा खणायला लागलो. आड येणाऱ्या दोन केळी तोडल्या. एकीला घड धरला होता. गुडघाभर खोल गेल्यावर बाजूने काळे पाणी झिरपू लागले. खरकट्याचा वास आला. भिंतीच्या पायाशी माती लोण्यासारखी झाली होती.

आवाजाने जनकाबाई बाहेर आल्या. "काय करून राह्यले सकाळी सकाळी?"

मी बाजूला झालो. त्या खाली बसल्या. पायाजवळच्या मातीत बोट घातले. ते सहज आत गेले. मग उठून खोलीच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. तिकडे जमीन सुकून भेगाळलेली होती आणि भिंत साबूत होती. परत आल्या तेव्हा चेहरा बदलला होता.

"कवापासून माहीत होतं तुमाले?"

"नोव्हेंबरपासून."

त्यांनी बोटाचा चिखल पदराला पुसला आणि आत गेल्या. दार लावून घेतले.

विहारात पन्नासेक माणसे होती. पाळी आली तेव्हा जनकाबाई उभ्या राहिल्या. "मी बोलनार होतो, पन आता सर बोलतील," एवढेच म्हणून बसल्या. मी उभा राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. मागून कुणीतरी म्हणाले, "आयकू नाई आलं, सर. जोरात बोला." तेव्हा सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगणे जास्त कठीण होते.

काम प्रेमानंदला मिळाले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

दुपारी मात्र तो पाइप खांद्यावर घेऊन आला. खड्ड्यात डोकावला, भिंतीचा पाया पाहिला आणि कामाचेच बोलला. "मोरीचं पानी आजच्या आज पाइपानं गल्लीच्या तोंडाशी नालीत सोडतो. पन हे खनलेलं उघडं नोका ठेवू. माती एकदम सुकली तं भिंत दुसरीकडून बसन. आता हलकंच बुजवून टाका. खड्डा उन्हाळ्यात रिकामा करू, मुरूम भरून कुटू. तड्याले तवरोक हात नोका लावू."

मी हो म्हणालो. माफीही मागितली. तो पाइपाचे तुकडे जुळवत राहिला.

"डिसेंबरात मी माह्या हातच्या जुन्या घरी जाऊन आलो, सर," थोड्या वेळाने तो म्हणाला. "पाच घरी. भिंती ठोकून पायल्या. त्यायले म्हटलं, तडा गेला तं सांगजा. लोक हासले. मले वाटलं, आपल्या हातानंच काहीतरी चुकून राह्यलं अन् आपल्याले समजत नाई."

"तुझं काही चुकलं नव्हतं."

"हाव, आयकलं न सकाळी. पन ते जाऊन नाई राह्यलं डोक्यातून." त्याने पाइपाचे एक टोक माझ्या हातात दिले. "धरा."

मी धरले. तो दोरी लावून उतार बघत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग तिकडूनच त्याने विचारले, "उतार बरोबर वाटते न, सर?"

मला त्यातले काही कळत नाही, असे मी सांगितले. तो माझ्यापाशी आला, वाकला आणि पहिल्या टोकापासून परत मोजायला लागला.