पट्टीची दुसरी बाजू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर थेंबबाबा, हातात तळहाताएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. आपण आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, बाबाने पट्टीवर पाणी टाकायचं. पसरलं तर तो जीव जवळ आलाय. थेंब होऊन घरंगळलं तर कुणीतरी त्याची वाट अडवलीय.

"प्लॅस्टिकला पाणी धरायला कोण सांगतंय?" बाबा गहिवरून विचारायचा. प्लॅस्टिक सोडून सगळे रडायचे.

माझ्या धाकट्या जावेचा एकुलता एक मुलगा गेलेला. तिच्या हाकेला पाणी पसरलं. मग बाबाने मला बोलावलं, कारण हा तोंडाला एवढी पावडर का फासतो, असं मी मोठ्याने विचारलं होतं. माझ्या वेळी थेंब टुणकन खाली.

"वाट हिने अडवलीय!"

त्या दिवसापासून जावेने आमच्या दोन घरांमधलं दार लावून घेतलं. माझं कुणावाचून अडत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवते. पण चहाला आधण दोघींचं पडतं. हात ऐकत नाही.

लेक कारखान्यात इंजिनीअर. फोनवर सगळं ऐकून हसली.

"आई, हे आमचं रोजचं काम! प्लॅस्टिकवर रंग टिकत नाही. म्हणून ते बंद पेटीत ठेवायचं, हवा काढायची, जरासा वायू सोडून वीज द्यायची. आत उजेड पडतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्याने वरचा पापुद्रा बदलतो आणि पाणी, रंग, गोंद धरून ठेवतो. डोळ्यांना फरक दिसत नाही."

"दोन्ही बाजूंना होतं?"

"एक झाकली, तर एकाच बाजूला."

पुढच्या सभेत मी मंचावर चढले. पुतण्याचं नाव घेतलं. थेंब घरंगळला. मी पट्टी हिसकावली, उलटी केली, पाणी ओतलं. छान पसरलं.

"आता कुणाचं नाव घेतलंत?" खालून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या तुटक्या चपलेचं!"

बाबा सावरला. "माउलींच्या हातात शक्ती उतरली!"

"मग मी बसते इथे. तू उतर."

पट्टी हातोहात फिरली. लोकांनी दोन्ही बाजू करून पाहिल्या. बाबा मागच्या दाराने पसार.

सगळे हसत पांगले. जाऊ तशीच बसून.

"चल गं घरी."

"तो आला होता, जाऊबाई. तुम्ही त्याला पुन्हा घालवलंत."

ती एकटीच उठून घरी गेली. मधलं दार बंदच राहिलं.

चमत्कार दिसला की वस्तू हातात घ्या, उलटीपालटी करा, चपलेच्या नावाने करून बघा. मी धड चार इयत्ता शिकले नाही, तरी मला जमलं. पण फसलेल्याला हसू नका. त्याच्यापाशी तेवढंच असतं. ते काढून घेतलंत, तर त्याच्याजवळ बसा.

मी रोज संध्याकाळी त्या बंद दाराला खुर्ची लावून बसते आणि पुतण्याच्या खोड्या मोठ्याने सांगते. पलीकडून उत्तर येत नाही. टीव्हीचा आवाज मात्र कमी होतो.